स्पीकरमधली घूं आणि अर्थची तिसरी पिन

उस्ताद अमीर खांसाहेबांचा विलंबित ख्याल लावावा, झुमरा तालाचा ठेका सुरू व्हायच्या आधीची ती शांतता कानात भरून घ्यावी, आणि नेमक्या त्याच शांततेत मागे कुणीतरी तोंड मिटून ‘घूंऽऽ’ करत बसलेलं असावं. इंदूरला राजेंद्र नगरच्या आमच्या घरात वर्षभर हेच चाललं होतं. वडिलांचा जुना ॲम्प्लिफायर, त्यांचाच रेकॉर्ड प्लेयर, मी आणलेला सबवूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), टीव्ही, त्याचा सेट-टॉप बॉक्स आणि लॅपटॉप, असा सगळा संसार एकत्र जोडला आणि त्याच दिवशी ही घूं मुक्कामाला आली.

ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं दोन मिनिटांत निदान केलं. “भैया, तीसरी पिन निकाल दो, आवाज़ चली जाएगी.” पिन काढली, आवाज खरंच गेला. पावसाळ्यात एकदा ओल्या पायांनी ॲम्पचं बटण फिरवायला गेलो तर पत्र्याला बोट लागताच मनगटापर्यंत मुंग्या आल्या. तेव्हा कळलं की नुसता आवाज गेला नव्हता, आवाजाबरोबर संरक्षण गेलं होतं. त्यानंतर जे शिकलो ते इथे क्रमानं लिहितोय. नवीन सिस्टीम लावणाऱ्यानं एकच गोष्ट डोक्यात ठेवावी: वाट तोडायची ती सिग्नलच्या, म्हणजे गाण्याच्या वायरीत; अर्थच्या (उपकरणाचा पत्रा जमिनीला जोडणाऱ्या) वायरीत कधीच नाही.

आधी नुसतं ऐका

हातात पेचकस घेण्याआधी दहा मिनिटं कान द्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती स्पीकरमधून गळायला लागली की ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर येतात, १००, १५० असे. फोनवर गिटारचं ट्यूनर ॲप असेल तर स्पीकरजवळ धरा. काटा ‘जी’ दाखवत असेल, पण सुरापेक्षा जरा चढा, तर वीजच गातेय असं समजा. गाणाऱ्यांसाठी दुसरी खूण: तुमचा सा काळी एकचा असेल तर १०० हर्ट्झची घूं मंद्र पंचमाच्या अलीकडे, तीव्र मध्यमाच्या पलीकडे पडते. म्हणजे तानपुऱ्याच्या जोडीला एक उतरलेला पंचम सतत वाजतोय. रेकॉर्ड ऐकताना काहीतरी खटकतं पण काय ते सापडत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच.

आता व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात आहे: ॲम्पचा स्वतःचा पॉवर सप्लाय, किंवा स्वतंत्र वीज घेणारा सबवूफर. व्हॉल्यूमबरोबर घूं वाढत-घटत असेल तर ती बाहेरून, एखाद्या जोडलेल्या उपकरणाकडून येतेय. सिलेक्टर फिरवून पाहा. टीव्हीवर आहे, फोनवर नाही, असं काही दिसलं तर अर्धं काम तिथेच झालं.

आणखी एक: कान स्पीकरला नाही, ॲम्पच्या डब्याला लावा. घरघर डब्यातूनच येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर थरथरतोय. त्याचा या लेखाशी संबंध नाही. खाली रबराचे पाय लावा आणि विसरा.

झर्रऽ असा खरखरीत, करवतीसारखा आवाज असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर नाहीतर स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर यांच्यावर संशय घ्या. एकेक बंद करून बघितलं की चोर सापडतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज एकदम खरखरीत होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याचं औषध साइन वेव्हचा इन्व्हर्टर, बाकी काही नाही.

मग भिंतीकडे: अर्थ आहे की नुसतं भोक आहे

थ्री पिन सॉकेटचं वरचं मोठं भोक म्हणजे अर्थ असलंच पाहिजे असं नाही. आमच्या घराच्या जुन्या भागात ते भोक निव्वळ शोभेचं निघालं. मागे वायरच नव्हती.

साधा डिजिटल मल्टिमीटर महाराणी रोडवर कुठेही मिळतो. एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या पट्ट्यावर ठेवा, प्रोबच्या धातूला बोट लावू नका, पायात कोरडी चप्पल असू द्या. भीती वाटत असेल तर हे काम वायरमनला सांगा आणि आपण शेजारी उभं राहून आकडे लिहा. तीन मापं घ्यायची.

फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) यांच्यामध्ये २३० च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट. असं आलं तर बरं आहे. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्हीकडे शंभर-सव्वाशेच्या आसपास, म्हणजे निम्मेनिम्मे आले, तर अर्थ लोंबकळतोय, म्हणजे जमिनीला जोडलेलाच नाही. उपकरणांच्या आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून झिरपणारे व्होल्ट तुम्ही मोजताय. पिन काढल्यावर मला ज्या मुंग्या आल्या त्या याच.

न्यूट्रल-अर्थ अगदी ठणठणीत शून्य आलं तर खूश होऊ नका. गिझर किंवा इस्त्री सुरू करून पुन्हा मोजा. भार पडला की न्यूट्रलवर थोडे व्होल्ट चढतात, त्यामुळे आकडा जरा हलायला हवा. तो शून्यावरच चिकटून राहिला तर कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकाच तुकड्यानं जोडून ठेवले असण्याची शक्यता आहे. टेस्टरला, मीटरला सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी न्यूट्रल मागे कुठे तुटेल त्या दिवशी ॲम्पचा पत्रा २३० व्होल्टवर असेल. हे दिसलं तर गाणं राहू द्या, आधी वायरमन.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दलही थोडं. ही माती पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते. भेगाळली की अर्थच्या पाइपाभोवतीची पकड सुटते आणि तो पाइप ज्यात पुरलेला असतो त्या खड्ड्याचा रोध वाढतो. आमचे वडील एप्रिल-मे मध्ये अंगणातल्या लोखंडी झाकणाखालच्या नरसाळ्यात रोज बादलीभर पाणी ओतायचे. लहानपणी आम्हाला वाटायचं तिथे एखादं झाड होतं. खाली मीठ आणि कोळशाचे थर असतात, आणि पाणी मिळालं तरच ते कामाचे.

तरी नुसत्या खड्ड्यावर विसंबू नये. समजा खड्ड्याचा रोध १० ओहम आहे. पत्र्याला फेज चिकटला तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला याच्या कितीतरी पट करंट लागतो. २३ ला ती बराच वेळ तशीच बसून राहू शकते. म्हणून बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळताच वीज तोडणारा स्विच) हवीच. हा खर्च घूं जावी म्हणून नाही, पण ॲम्पच्या आधी करायचा आहे.

अर्थिंग उत्तम करून घेतलं की घूं जाईल, असा एक समज आहे. मीही खड्डा नव्यानं भरून घेतला होता. घूं तसूभरही हलली नाही. का, ते पुढे.

लूप म्हणजे नेमकं काय

लॅपटॉपच्या चार्जरची थ्री पिन एका भिंतीत, ॲम्पची थ्री पिन दुसऱ्या भिंतीत. दोघांच्या अर्थच्या वायरी घराच्या आत कुठेतरी एकत्र येतात. इकडे लॅपटॉपपासून ॲम्पपर्यंत तुम्ही गाण्याची केबल टाकली. त्या केबलच्या आत एक बारीक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. जाळी दोन्ही टोकांना पत्र्याला जोडलेली. झालं रिंगण, म्हणजेच लूप, पूर्ण: भिंत, लॅपटॉप, जाळी, ॲम्प, पुन्हा भिंत. घरातल्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र या रिंगणात ५० हर्ट्झचा करंट ढकलतं, आणि दोन सॉकेटच्या अर्थमधला किरकोळ फरकही तेच करतो. अंगणातला खड्डा या रिंगणात येतच नाही, म्हणून तो कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

आकड्यांत बघा. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि तिच्यातून १० मिलिअँपिअर वाहतायत असं धरू. दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडला. घरगुती उपकरणाचा सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्टचा. म्हणजे घूं गाण्यापेक्षा सुमारे ५० डेसिबलनं खाली. बँडबाजाच्या गाण्यात कुणाला कळणारही नाही. पण आलापाची सुरुवात ही गाण्याच्या सर्वांत मोठ्या आवाजापेक्षा तीस-चाळीस डेसिबल खाली असू शकते, आणि तिथे घूं आलापाच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते.

चोर पकडायची रीत

सगळं बंद करा. ॲम्प आणि स्पीकर एवढेच ठेवा, बाकी एकूणएक केबल काढा. केबल काढताना-घालताना ॲम्प बंदच हवा. आरसीएच्या (गाण्याच्या नेहमीच्या गोल टोकाच्या केबलच्या) टोकात मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर. त्या मधल्या क्षणात स्पीकरमधून असा दणका येतो की ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जाऊ शकतो. माझा एक गेलाय.

ॲम्प सुरू करा. काहीच जोडलेलं नसताना घूं आहे? मग लूप नाही, ॲम्पचेच फिल्टर कपॅसिटर सुकले असतील. जुन्या सेटमध्ये हे नेहमीचं. त्याला मेकॅनिककडे न्या, घरी उघडू नका. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये व्होल्ट साठून राहतात.

शांत असेल तर बॅटरीवरचा फोन जोडून बघा. फोनला भिंत माहीतच नाही, त्यामुळे इथे शांतता असायला हवी. मग एकेक उपकरण जोडत चला आणि प्रत्येक वेळी व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवून ऐका. घाई करून दोन एकदम जोडली की पुन्हा पहिल्यापासून.

लॅपटॉपनं घूं आली तर चार्जर उपसा. गेली? मग चार्जरच्या अर्थचा लूप. माझ्याकडे मात्र खरा चोर टीव्हीच्या मागे होता. टीव्हीची केबल ॲम्पला लावली की घूं. टीव्हीचा प्लग सॉकेटमधून काढला तरी घूं. इथे मी तासभर डोकं खाजवत बसलो. शेवटी सेट-टॉप बॉक्सच्या मागची डिशची गोल केबल फिरवून सोडवली, आणि पेच सुटताच घूं अशी थांबली की जणू कुणी नळ बंद केला. पुन्हा टेकवली, आली. सोडली, गेली. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, “अरे, काय वाजवतोयस?”

वीज टीव्हीतून येतच नव्हती. छतावरची डिश लोखंडी खांबावर, खांब गच्चीच्या सळ्यांना वेल्डिंग केलेला, आणि डिशच्या केबलची जाळी थेट बॉक्सच्या पत्र्याला. त्या जाळीनं ॲम्पला जमिनीकडे जायची दुसरी वाट करून दिली होती. टू पिनवर चालणारी, पाठीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असलेली उपकरणं अर्थ मागत नाहीत, म्हणून ती लूपमध्ये नसतील असं आपण धरतो. पण त्यांच्या पाठीला डिश, केबल टीव्ही नाहीतर एचडीएमआय असेल तर लूप तिथून येतो.

उपाय, स्वस्तापासून

पहिला उपाय फुकट. एकमेकांना केबलनं जोडलेली सगळी उपकरणं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर आणा. बोर्डाच्या अर्थच्या पट्टीवर सगळ्यांचे अर्थ वीतभर अंतरात एकत्र येतात, रिंगण आकसतं. भाराची काळजी अनेकांना वाटते, पण ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॉट देतं. घरातला ॲम्प, टीव्ही, सबवूफर आणि लॅपटॉप मिळून त्याच्या जवळही फिरकत नाहीत. त्या बोर्डावर इस्त्री किंवा हीटर लावायचा नाही, एवढंच. आमचा सबवूफर समोरच्या भिंतीतून वीज घ्यायचा. तो या बोर्डावर आणला आणि निम्मी घूं तिथेच गेली. बोर्ड घेताना आत खरोखर अर्थची पट्टी आहे ना ते मीटरच्या बीपनं तपासून घ्या. तीन भोकं आणि टू कोर वायर असले नमुने बाजारात भरपूर आहेत.

दुसराही फुकटच. गाण्याच्या केबली विजेच्या वायरींना चिकटून, एका जुडग्यात बांधून नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. पाच मीटरची केबल घेऊन चार मीटर गुंडाळून ठेवायची सवय सोडा.

यानं भागलं नाही तर ज्या एका केबलीनं घूं येते तिच्यातच तांब्याचा संबंध तोडायचा. टीव्हीसाठी माझी पसंती ऑप्टिकल केबलला. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूपचा प्रश्नच मिटतो. ॲम्प जुना असेल तर मध्ये एक छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारी डबी) लागतो, टू पिन ॲडॅप्टरवर चालणारा. मी तेच केलं.

डिशच्या केबलमध्येच घालायचे आयसोलेटरही मिळतात. केबल टीव्हीला ते चालतात, डिशला सहसा नाही. कारण डिशच्या तोंडाशी बसलेल्या एलएनबीला (उपग्रहाचा सिग्नल झेलणाऱ्या डबीला) बॉक्स त्याच केबलीतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पुरवतो. साधा आयसोलेटर ते अडवतो, आणि घूंबरोबर चित्रही जातं. डिशच्या खांबाचा अर्थ मात्र काढू नका. मृगाच्या आधीचा वळीव माळव्यात काय विजा पाडतो ते वेगळं सांगायला नको.

लॅपटॉपसाठी ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पुरतो. आत दोन छोटी गुंडाळी असतात. सूर चुंबकानं पलीकडे जातो, करंटला वाट मिळत नाही. काही शे रुपयांतल्या डब्या आवाज अगदी साफ करतात, पण त्यांचा गाभा एवढासा, त्यामुळे तबल्याचा डग्गा पोकळ होतो. सबवूफरच्या वायरीत तर असली डबी मुळीच घालू नका. ज्या सुरांसाठी तो आणला तेच ती खाते. ब्लूटूथ चालत असेल तर तोही एक आयसोलेटरच आहे. चोखंदळ लोक नाक मुरडतील, पण घूं असलेल्या उंची केबलीपेक्षा मला घूं नसलेला ब्लूटूथ परवडतो.

ज्यांच्याकडे एक्सएलआरची (तीन पिनांच्या ऑडिओ केबलची) सोय असलेली उपकरणं आहेत त्यांनी तीच वापरावी. त्यात सूर दोन तारांवर उलटसुलट जातो आणि जाळीवर सूर नसतोच, म्हणून जाळीतला करंट सहसा गाण्यात मिसळत नाही. डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायच्या डबीवर) ‘ग्राउंड लिफ्ट’ असं बटण असतं, ते बिनधास्त दाबा. ते सिग्नलची जाळी सोडवतं, विजेचा अर्थ नाही. नावं सारखी असल्यानं हाच गोंधळ होतो, आणि पिन तोडणारे याचाच दाखला देतात.

रेकॉर्ड प्लेयरवाल्यांसाठी

यांचा त्रास सगळ्यांत जास्त. सुईतून निघणारा सूर असतो चार-पाच मिलिव्होल्टचा. फोनो विभाग त्याला साधारण शंभर पट मोठा करतो. त्यातच रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, ते वाजवताना परत वर काढावे लागतात. १९५४ सालापासून रूढ असलेल्या आरआयएएच्या (अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेच्या) वक्रानुसार ५० हर्ट्झला आणखी सातेक पट. म्हणजे नेमक्या घूंलाच सातशे पटीची शिडी मिळते. टीव्हीच्या वायरीत जे कळतही नाही ते इथे गर्जना करतं.

प्लेयरच्या मागून दोन आरसीएंबरोबर एक बारीक तिसरी तार निघते, टोकाला यू आकाराची पत्री. ती ॲम्पच्या मागे ‘जीएनडी’ लिहिलेल्या पेचाखाली घट्ट बसवा. ही तार घराच्या अर्थला किंवा खिडकीच्या गजाला जोडायची नाही, फक्त त्याच पेचाला. आमच्या प्लेयरची पत्री गंजून काळी पडली होती; बारीक पॉलिश पेपरनं घासली आणि घूंचा उरलासुरला भाग गेला. या वायरीत ट्रान्सफॉर्मरची डबी घालू नका, एवढा कोवळा सूर ती सांभाळू शकत नाही.

तार नीट असूनही घूं असेल तर व्हॉल्यूम थोडा चढवून, प्लेट न फिरवता, सुईचा हात उचलून हळूहळू आतल्या बाजूला न्या. जाता जाता घूं वाढली तर सुई ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र झेलतेय. प्लेयर ॲम्पच्या डोक्यावर ठेवला असेल तर खाली उतरवा आणि हातभर बाजूला सरकवा. आमच्याकडे दोन्ही एकाच शिसवी कपाटात, खालच्या-वरच्या फळीवर होते. वडिलांनी रचना बदलायला साफ नकार दिला, म्हणून शेवटी ॲम्पच कपाटातल्या कपाटात डावीकडच्या टोकाला ढकलला.

तोडलेली थ्री पिन मी त्याच आठवड्यात बदलून घेतली होती. वायरमन तोच. “अब आवाज़ आएगी, भैया,” म्हणत त्यानं पेच आवळला, आणि मी ॲम्प सुरू केल्यावर बराच वेळ स्पीकरला कान लावून बसला होता.